ऑर्लँडोच्या थीम पार्कमधील रांगा आणि दिव्यांगांसाठीच्या सोयी: प्रथमच जाणाऱ्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

फ्लोरिडातील ऑर्लँडो येथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड किंवा युनिव्हर्सलच्या पार्कांना भेट देण्याचा बेत मराठी कुटुंबे बहुधा बरेच महिने आधी आखतात. व्हिसा, विमानाची तिकिटे, हॉटेल, वाटेत नातेवाइकांकडचा मुक्काम या सगळ्याची चौकशी वेळेत होते. मात्र घरातील एखादे मूल स्वमग्न असेल, आजोबांना अर्धांगवायूनंतर फार वेळ उभे राहवत नसेल किंवा आईला आतड्याच्या विकारामुळे वारंवार स्वच्छतागृहात जावे लागत असेल, तर तास-दीड तासाच्या रांगांचे काय करायचे, हा विचार पार्कच्या फाटकाशी पोहोचल्यावरच सुरू होतो. तिथेही मार्ग निघतो, पण त्यात निम्मी सकाळ खर्ची पडते आणि ज्याच्यासाठी ही धडपड चाललेली असते तोच सर्वांत आधी थकतो. ही तयारी घरी बसून कशी करता येते, ते या लेखात क्रमाने मांडले आहे. भर डिस्नेवर अधिक आहे, कारण तिथले नियम २०२४ मध्ये बरेच बदलले असून जुन्या माहितीच्या भरवशावर गेलेल्यांची सर्वाधिक फसगत तिथेच होते.

प्रतीक्षा तेवढीच, जागा वेगळी

शिर्डीसारख्या देवस्थानात वृद्धांना आणि दिव्यांगांना वेगळ्या दाराने आत सोडतात, आणि आपल्या मनातली सोयीची कल्पना साधारणपणे तीच असते: आपली अडचण दाखवावी आणि थेट गाभाऱ्याशी पोहोचावे. अमेरिकी पार्कांतील सोय या धाटणीची नाही. तिथे दिव्यांग पाहुण्यालाही इतरांइतकेच थांबावे लागते; फक्त ते थांबणे रांगेत न होता सावलीत, बाकावर, उपाहारगृहात किंवा एखाद्या शांत कोपऱ्यात होते. राइडवर आत्ता साठ मिनिटांची रांग असेल तर साधारण तेवढ्याच अवधीनंतरची परतीची वेळ मिळते आणि त्या वेळेनंतर दुसऱ्या, कमी गर्दीच्या मार्गिकेतून आत जाता येते.

नेहमीच असे नव्हते. २०१३ पर्यंत डिस्नेमध्ये ‘गेस्ट असिस्टन्स कार्ड’ नावाचे कार्ड मिळत असे आणि ते दाखवले की अनेक राइडवर जवळजवळ लगेच प्रवेश मिळे. त्या वर्षी काही श्रीमंत कुटुंबे दिव्यांग व्यक्तीला पैसे देऊन दिवसभर सोबत घेतात आणि तिच्या कार्डावर रांगा चुकवतात, अशा बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांत झळकल्या. ऑक्टोबर २०१३ मध्ये ते कार्ड बंद होऊन ‘डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस सर्व्हिस’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘डास’, सुरू झाले. यामागे लबाडीचा संताप होता तसाच साध्या गणिताचाही भाग होता. एखादी राइड तासाला १,२०० माणसे वाहून नेते असे समजा. साध्या रांगेत ६०० माणसे उभी असतील, तर शेवटच्या माणसाचा नंबर अर्ध्या तासात लागतो. पण तासाला ८०० माणसे वेगळ्या मार्गिकेतून आत येऊ लागली, तर साध्या रांगेच्या वाट्याला ४०० जागा उरतात आणि त्याच माणसाला दीड तास उभे राहावे लागते. राइडची क्षमता वाढत नाही. एकाचा वाचलेला वेळ दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. पुढे चाललेल्या एका खटल्याच्या निकालपत्रात नोंद आहे, की पार्कमधील पाहुण्यांत जुने कार्डधारक ३.३ टक्के असताना ‘टॉय स्टोरी मेनिया’ या राइडवरील माणसांत त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के होता.

हा खटला स्वमग्न मुलांच्या पालकांनी भरला होता. आमच्या मुलांना ‘थोड्या वेळाने ये’ ही कल्पनाच पेलत नाही आणि राइडचा ठरलेला क्रम मोडला तर त्यांचा तोल जातो, म्हणून जुन्यासारखाच लगेच प्रवेश हवा, अशी त्यांची मागणी होती. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी पाठवले, २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने डिस्नेच्या बाजूने निकाल दिला आणि २०२२ मध्ये तो अपिलातही कायम राहिला. १९९० च्या अमेरिकी दिव्यांग कायद्यानुसार व्यवसायाने आपल्या पद्धतीत वाजवी बदल करणे बंधनकारक आहे, पण मूळ सेवेचे स्वरूपच पालटेल असा बदल करणे बंधनकारक नाही, या तत्त्वावर हा निकाल उभा आहे. पालकांची अडचण खोटी नव्हती, हे मात्र विसरू नये. काही मुलांना परतीच्या वेळेची पद्धत खरोखरच पुरेशी ठरत नाही, आणि अशा कुटुंबांनी दिवसाची आखणी कशी करावी, ते पुढे सांगितले आहे.

पहिली पायरी: निदान बाजूला ठेवून अडचण लिहून काढावी

अर्ज करण्यापूर्वी एक कागद घ्यावा आणि ‘रांगेत उभे असताना नेमके काय होते?’ या एकाच प्रश्नाचे उत्तर चार-पाच वाक्यांत लिहावे. रोगाचे नाव, टक्केवारी, औषधांची यादी यांचा इथे फारसा उपयोग नाही. एकाच निदानाच्या दोन माणसांच्या गरजा वेगळ्या असतात, आणि पार्कचा कर्मचारीही रोगाविषयी कमी, रांगेविषयी जास्त विचारतो. हे उत्तर नीट लिहिले की कोणती सोय मागायची, ते बहुधा आपोआप स्पष्ट होते.

उभे राहवत नाही, पण बसून कितीही वेळ थांबता येते, अशी अडचण असेल तर उत्तर व्हीलचेअर किंवा बॅटरीवर चालणारी स्कूटर हे आहे. ही दोन्ही वाहने पार्कच्या प्रवेशद्वाराजवळ भाड्याने मिळतात, आणि डिस्ने वर्ल्डमधील बहुतेक साध्या रांगांतून व्हीलचेअर जाऊ शकते. घरी काठी घेऊन दोन खोल्या फिरणाऱ्या आजोबांना व्हीलचेअरमध्ये बसवणे अनेकांच्या जिवावर येते; ‘मी काही इतका लुळापांगळा नाही’ हे वाक्य त्या भाड्याच्या खिडकीपाशी हमखास ऐकू येते. पण या पार्कांत दिवसाला आठ-दहा किलोमीटर चालणे सहज होते. दुपारी दोन वाजता त्यांना बसवायला जागा शोधण्यापेक्षा सकाळीच खुर्ची घेतलेली बरी. काही राइडमध्ये खुर्चीतून न उतरता बसता येते: ‘जंगल क्रूझ’, ‘टॉय स्टोरी मेनिया’ आणि ‘किलिमांजारो सफारीज’ ही त्यांतली सोयीची उदाहरणे. ‘स्पेस माउंटन’सारख्या राइडमध्ये मात्र खुर्चीतून उठून राइडच्या आसनात स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीने बसावे लागते. कर्मचारी उचलून बसवत नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १९५५ मधले असल्याने तिथल्या काही जुन्या रांगा अरुंद आहेत. अशा ठिकाणी खुर्चीवरील पाहुण्याला राइडच्या दाराशीच परतीची वेळ देतात आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही.

रांगेत थांबता येते, पण अचानक बाहेर पडावे लागते, असे असेल तर ‘रांगेत पुन्हा प्रवेश’ ही सोय मागावी. क्रोन्स व कोलायटिस हे आतड्यांच्या दाहाचे विकार, मधुमेह, मूत्राशयाचे विकार असलेल्यांना आता बहुधा हीच सुचवली जाते. कुटुंबातील बाकीचे रांगेत राहतात आणि बाहेर गेलेली व्यक्ती नंतर त्यांना येऊन मिळते. राइडच्या दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला रांगेत शिरण्यापूर्वीच हे सांगून ठेवावे, म्हणजे माघारी येताना पन्नास माणसांना ओलांडत स्पष्टीकरणे देत बसावे लागत नाही. या सोयीतली उणीव उघड आहे: आई एकटीच सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली असेल, तर तिच्यामागे रांगेत कोणाला उभे करायचे? अशा वेळी दोघांनी बाहेर पडून दोघांनीच परत यायचे ठरते, आणि ते कसे करायचे, हे प्रत्येक राइडवर विचारावे लागते. २०२४ च्या बदलांवर झालेल्या टीकेत हा मुद्दा ठळक होता आणि माझ्या मते तो रास्तही आहे.

धाकटे मूल उंचीत बसत नाही म्हणून आई-वडिलांपैकी एकाने बाहेर थांबायचे असेल, तर त्यासाठी ‘रायडर स्विच’ आहे. एकाने राइड केली की दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. दिव्यांगत्वाशी या सोयीचा संबंध नाही. तरी ज्यांच्या घरात एक स्वमग्न मूल आणि एक तान्हे बाळ आहे, त्यांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

आता उरते ते ‘डास’. स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक दिव्यांगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत फार वेळ थांबताच येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय आहे, असे डिस्नेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. फ्लोरिडात २० मे २०२४ पासून आणि कॅलिफोर्नियात १८ जून २०२४ पासून ही मर्यादा लागू झाली. त्याआधी चालण्याच्या अडचणीपासून पोटाच्या विकारांपर्यंत अनेक कारणांसाठी ‘डास’ मिळत असे. गैरवापर वाढल्याने नियम आवळले, असे कंपनीचे म्हणणे आहे. परंतु त्यात सुक्याबरोबर ओलेही जळाले, आणि वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे ही सोय वापरणाऱ्या कित्येकांना नकार मिळाला. २०२५ मध्ये याविरुद्ध कॅलिफोर्नियात खटलाही दाखल झाला.

दुसरी पायरी: व्हिडिओ कॉल

‘डास’साठी कागदपत्रे मागत नाहीत. प्रवासापूर्वी डिस्नेच्या संकेतस्थळावरून व्हिडिओ कॉल करायचा असतो, आणि पलीकडे डिस्नेचा प्रशिक्षित कर्मचारी असतो. गरज वाटल्यास कंपनीने कंत्राटावर नेमलेल्या आरोग्य व्यावसायिकालाही संभाषणात घेतात. पार्कला पोहोचल्या दिवशीही हा कॉल करता येतो, परंतु ते टाळावे. कॉलच्या वेळी ज्याच्यासाठी सोय हवी आहे ती व्यक्ती हजर असणे आवश्यक आहे, कारण तिचे छायाचित्र घेतले जाते. मुलाने सलग बसून राहण्याची गरज नाही. ते खोलीत खेळत असले आणि लागेल तेव्हा कॅमेऱ्यासमोर आणता आले तरी भागते.

तिकिटे आधीच खरेदी करून सगळ्यांची नावे एकाच डिस्ने खात्याशी जोडून ठेवावीत. भारतातून कॉल करणाऱ्यांनी वेळेचे गणित सांभाळावे: फ्लोरिडात उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेनऊ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात साडेदहा तास. म्हणजे तिथले सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात वाजलेले असतात. हीच वेळ बहुतेक घरांना सोयीची पडते, मात्र कॉलपूर्वी ताटकळत राहावे लागू शकते, म्हणून मुलाचे जेवण आधी उरकून घ्यावे. संभाषण इंग्रजीत होते. घरात ज्याचे इंग्रजी सहज आहे अशा मोठ्या माणसाने बोलावे, मग ते मामा असोत वा आत्या, पण त्यांनी मुलाचे दैनंदिन जीवन जवळून पाहिलेले असावे.

काय बोलावे, हाच खरा कळीचा भाग आहे. ‘त्याला ऑटिझम आहे, त्यामुळे तो थांबू शकत नाही’ एवढ्यावर आपले बोलणे संपले, तर समोरच्याला ठरवण्यासाठी काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी घडणारी गोष्ट सांगावी: ‘विमानतळावरच्या रांगेत दहा-बारा मिनिटांनी तो कानांवर हात घट्ट दाबतो, मागच्या माणसाचा स्पर्श झाला की खाली बसतो, आणि त्यानंतर दोऱ्यांखालून निसटून धावत सुटतो, त्याला शांत व्हायला पाऊण तास लागतो आणि तेवढ्या वेळात तो स्वतःच्या मनगटाला चावतो.’ या एका वाक्यात किती वेळ, कोणता ताण, कोणती कृती आणि कोणता धोका हे चारही आले. कानाला हेडफोन लावून किंवा हातात टॅब देऊन भागत नाही का, असा प्रश्न बहुधा येतो. आपण ते करून पाहिले आहे का आणि त्याने किती फरक पडतो, हे खरेखुरे सांगावे. हेडफोनने वीस मिनिटे निभत असतील तर वीस मिनिटे म्हणावे.

आपल्याकडच्या काही पालकांना मुलाच्या अडचणी परक्यासमोर उघडपणे सांगताना संकोच वाटतो, आणि ते बोलता बोलता ‘तसा तो हुशार आहे, घरी अगदी शहाण्यासारखा वागतो’ असे सांगून जातात. भावना समजण्यासारखी आहे, पण हा कॉल मुलाच्या कौतुकासाठी नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन अडचण फुगवून सांगणेही तितकेच घातक: दिलेली माहिती खोटी आढळल्यास पार्कमध्ये कायमची प्रवेशबंदी होऊ शकते आणि तिकिटांचे पैसेही परत मिळत नाहीत, असा स्पष्ट नियम आहे.

मंजुरी मिळाल्यास ती दिव्यांग व्यक्ती आणि तिच्याबरोबरचे तीन जण, अशी साधारणपणे चौघांना लागू होते. घरातील अगदी जवळची माणसे त्याहून अधिक असतील तर कॉलवरच विचारावे. आजी-आजोबा, काका-काकू, चुलत भावंडे असा बारा जणांचा गोतावळा घेऊन जाणाऱ्यांनी मुलाबरोबर कोणत्या राइडला कोण जाणार, हे आधीच ठरवून ठेवावे. दाराशी उभे राहून ही वाटणी करू लागल्यास रुसवेफुगवे अटळ आहेत. मंजुरीची मुदत किती, हा नियम वारंवार बदलला आहे. काही महिन्यांच्या अंतराने दुसरी सहल करायची असेल, तर कॉल संपण्यापूर्वी ती विचारून घ्यावी.

तिसरी पायरी: प्रत्यक्ष दिवस

फोनवरील डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये राइड निवडली की परतीची वेळ दिसते, समजा दुपारी २:४०. त्या वेळेनंतर पार्क बंद होईपर्यंत कधीही जाता येते. ठोक्याला पोहोचण्याची घाई नसते, आणि मूल झोपले असेल तर ही ढील फार मोलाची ठरते. एका वेळी एकाच राइडची वेळ घेता येते. ती वापरली किंवा रद्द केली की पुढची. दाराशी आधी दिव्यांग व्यक्तीचे तिकीट किंवा मनगटपट्टी लावावी लागते आणि ती व्यक्ती स्वतः राइडमध्ये बसणार असावी लागते. मुलगा बाहेर आजीजवळ बसला आहे आणि बाकीचे त्याच्या नावावर आत चालले आहेत, हे चालत नाही.

ज्या मार्गिकेतून आत जातात ती ‘लाइटनिंग लेन’ पैसे भरणाऱ्यांसाठीही आहे, त्यामुळे तिच्यातही थांबावे लागते. दहा-पंधरा मिनिटे सहज जातात, आणि राइड मध्येच बंद पडली तर त्याहून जास्त. शिवाय काही राइडच्या आधी बंद खोलीत उभे राहून पाहण्याचा भाग असतो. ‘हॉन्टेड मॅन्शन’मध्ये अंधाऱ्या खोलीत दारे मिटतात आणि भोवती माणसांची दाटी असते. प्रत्येक राइडमध्ये आवाज, चमकते दिवे, अंधार, पाण्याचे शिंतोडे यांपैकी काय काय आहे, याची माहिती डिस्ने स्वतः संकेतस्थळावर देते. ती छापून घेऊन आदल्या रात्री मुलाला राइडची चित्रे दाखवत समजावणे हा अनेक पालकांचा आवडता उपाय आहे.

ज्या मुलांना परतीची वेळ ही कल्पनाच पटत नाही, त्यांच्यासाठी क्रम उलटा करून पाहावा. राइड समोर दिसल्यावर ‘आत्ता नाही, नंतर’ म्हणण्यापेक्षा, आई-वडिलांपैकी एकाने मुलाला न सांगता अ‍ॅपवर वेळ घ्यावी, तोवर दुसऱ्याने त्याला दुसऱ्या भागात जेवायला किंवा आगगाडी पाहायला न्यावे आणि वेळ झाल्यावरच त्या राइडकडे वळावे. मुलाच्या दृष्टीने मग ती राइड समोर आली आणि दार उघडले, एवढेच घडते. सकाळी पार्क उघडतानाचा पहिला तासही हातचा सोडू नये, कारण तेव्हा साध्या रांगाच इतक्या छोट्या असतात, की कोणत्याही सोयीची गरज पडत नाही. प्रत्येक पार्कमध्ये प्रथमोपचार केंद्र असते. तिथे औषधे थंड ठेवता येतात आणि अगदीच आवश्यक झाले तर मुलाला शांत, अंधुक जागेत थोडा वेळ पडू देता येते. घरचा खाऊ आत नेता येतो, ही गोष्ट आपल्या लोकांना कळली की निम्मी चिंता मिटते.

‘डास’ची वेळ चालू असताना दुसऱ्या राइडची छोटी रांग लावणे नियमात बसते, आणि पुष्कळ जण तसे करतात. एखाद्या दुपारी मूल खुशीत असेल तर त्यात वावगे काही नाही. परंतु एका राइडची वेळ घेऊन दिवसभर दुसऱ्या साठ मिनिटांच्या रांगांत उभे राहता येत असेल, तर मुळात ही सोय कशासाठी मागितली, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे अवघड जाईल. याच वापरामुळे इतर पाहुण्यांच्या मनात ‘डास’विषयी अढी बसली आहे.

नकार मिळाला तर

वाद घालण्यापूर्वी नेमके काय सुचवले जात आहे, ते शांतपणे ऐकून लिहून घ्यावे, कारण ‘डास’ नाकारताना बहुधा रांगेत पुन्हा प्रवेश, राइडच्या दाराशी परतीची वेळ किंवा व्हीलचेअर यांपैकी काहीतरी देऊ केलेले असते. ते आपल्या अडचणीत कुठे कमी पडते, हे एका वाक्यात सांगता आले तर पार्कमधील ‘गेस्ट रिलेशन्स’च्या खिडकीवर पुन्हा बोलण्यात अर्थ आहे. पैसे देऊन ‘लाइटनिंग लेन’ घेणे हा पर्याय नेहमीच समोर असतो, आणि थकलेली कुटुंबे शेवटी तोच पत्करतात. दिव्यांगत्वाची सोय नाकारली गेलेल्या माणसाला नेमकी तीच मार्गिका पैशांनी विकली जाते, ही गोष्ट मला बोचते. तरीही सहलीचे अंदाजपत्रक करताना एका दिवसापुरते का होईना, हे पैसे बाजूला ठेवणे व्यवहाराचे आहे.

युनिव्हर्सलची रीत वेगळी

युनिव्हर्सल ऑर्लँडोमध्ये, मे २०२५ मध्ये उघडलेल्या एपिक युनिव्हर्ससह, सोयीची सुरुवात कागदपत्रांनी होते. आयबीसीसीईएस या संस्थेच्या संकेतस्थळावर भेटीच्या किमान ४८ तास आधी ‘इंडिव्हिज्युअल अ‍ॅक्सेसिबिलिटी कार्ड’साठी नोंदणी करायची, छायाचित्र आणि दिव्यांगत्वाचा पुरावा जोडायचा, त्यानंतर युनिव्हर्सलचे कर्मचारी गरजांविषयी बोलतात आणि पार्कमध्ये ‘अ‍ॅट्रॅक्शन्स असिस्टन्स पास’ मिळतो. या पासवरही परतीच्या वेळाच मिळतात. सिक्स फ्लॅग्जच्या पार्कांनीही हेच कार्ड स्वीकारले आहे. भारतातून जाणाऱ्यांनी ४८ तासांच्या मुदतीवर विसंबू नये. डॉक्टरांचे इंग्रजी पत्र आठवडाभर आधी तयार ठेवावे, आणि त्यात निदानाबरोबर ‘फार वेळ रांगेत थांबल्यास काय होते’ ही ओळ आवर्जून लिहून घ्यावी.

या दोहोंपैकी कोणती रीत अधिक न्याय्य, यावर मतभेद आहेत. कागद मागितला की ज्यांच्याकडे निदानाचा खर्च करायची ऐपत नाही ते मागे पडतात. कागद मागितला नाही की ज्याला बोलता येते त्याचे फावते. मला स्वतःला कागदाची रीत कमी अपमानास्पद वाटते, कारण मुलाचे सगळ्यात वाईट क्षण एका अनोळखी माणसाला कॅमेऱ्यासमोर वर्णन करून सांगण्यापेक्षा ते डॉक्टरांच्या पत्रात असलेले बरे.

ब्रिटनमधील मराठी कुटुंबांनी एवढे लक्षात ठेवावे, की अ‍ॅल्टन टॉवर्स, लेगोलँड विंडसर यांसारख्या पार्कांत ‘राइड अ‍ॅक्सेस पास’ असतो, त्यासाठी निम्बस संस्थेचे ‘अ‍ॅक्सेस कार्ड’ आधी काढून ठेवावे लागते, आणि तिथला कायदेशीर आधार २०१० चा समानता कायदा हा आहे.

रांगेची सोय आणि राइडची सुरक्षितता

कोणताही पास रांगेपुरताच असतो. उंचीची अट, खांद्यावरून येणारा सुरक्षापट्टा नीट बसणे, पकड धरता येण्याइतके हात मोकळे असणे, कृत्रिम पाय सुटून पडण्याची शक्यता नसणे, या अटी दिव्यांग पाहुण्यालाही लागू होतात, आणि त्या राइडच्या निर्मात्याने घालून दिलेल्या असल्याने दाराशी उभ्या कर्मचाऱ्याच्या हातात त्या शिथिल करणे नसते. ज्यांचा कृत्रिम अवयव आहे त्यांनी प्रत्येक राइडची अट आदल्या दिवशी वाचावी. अनेक ठिकाणी नमुन्याचे आसन बाहेर ठेवलेले असते, त्यात बसून पाहावे.

खोपोलीला जाणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात हाच प्रश्न खोपोलीजवळच्या इमॅजिकात, २०१३ मध्ये सुरू झालेल्या या पार्कमध्ये, समोर येतो. कायद्याचा आधार आपल्याकडेही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे मान्य केली असून त्यांत स्वमग्नता आहे. कलम २ मध्ये वाजवी सोयीची व्याख्या आहे, आणि कलम २९ मनोरंजनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काविषयी आहे. तेव्हा जाण्यापूर्वी आठवडाभर आधी पार्कला ई-मेल पाठवून तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या राइडच्या रांगेत व्हीलचेअर जाते, रांगेत थांबू न शकणाऱ्या व्यक्तीला परतीची वेळ देण्याची किंवा दुसऱ्या दाराने घेण्याची व्यवस्था कोणाकडे मागायची, आणि सोबत किती जणांना येता येईल. ‘काही सवलत आहे का?’ असे विचारल्यास तिकिटाच्या दराविषयी उत्तर येते, म्हणून प्रश्नात ‘रांग’ हा शब्द असावाच. आलेल्या उत्तराची छापील प्रत आणि यूडीआयडी कार्ड (सरकारी दिव्यांग ओळखपत्र) घेऊन जावे, आणि दाराशीच्या सुरक्षारक्षकाशी बोलण्यात वेळ न घालवता थेट पाहुण्यांच्या मदतकक्षात जावे. त्याच दिवशीच्या पर्यवेक्षकाचे नाव विचारून घ्यावे, म्हणजे पुढच्या राइडवर तीच कहाणी पहिल्यापासून सांगावी लागत नाही. लेखी मागणी करूनही दखल घेतली गेली नाही, तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तिथे ती आधीची ई-मेलच पहिला पुरावा म्हणून जोडावी लागते.